बत्तीस मिलिसेकंद

घणसोलीत हळदीला मी ऑक्टोपॅड वाजवायचो,
आता महाप्याला पाचव्या मजल्यावर बसून
बोटांसाठी खेळ बनवतो.
आई शेजारणीला सांगते, कॉम्प्युटरमध्ये आहे.
तेही खोटं नाही.

पहिली सहा वर्षं नुसती नाणी वाजवली.
नाणं उचललं की टिंग,
जीव गेला की भुस्स,
जिंकलात तर तीन सुरांची शिडी,
हरलात तर तीच उलटी.
कुणाकुणाच्या खिशात
दिवसाला लाख वेळा वाजत होतो,
नाव कुणी विचारत नव्हतं.
बेंजो पार्टीतही विचारत नव्हते म्हणा,
पण तिथे मटण तरी वाढायचे.

मग एकदाचा माझा खेळ आला.
वरून हळदीचे थेंब पडतात,
रेषेला टेकले की बोट टेकवायचं.
रेषेच्या अलीकडे-पलीकडे
बत्तीस मिलिसेकंद माफ.
त्याच्या बाहेर लाल अक्षरांत: हुकलं.

बारकूकाका तांडेलांना दाखवायला नेला.
चाळीस लग्नसराया ढोलकी,
त्यातल्या वीस करंगळीशिवाय;
ती रबाळ्याच्या प्रेसमध्ये राहिली.
काकांनी चष्मा पुसला, फोनही पुसला,
मांडीवर आडवा घेतला.
हुकलं.
हुकलं. हुकलं.
शंभरात अकरा.
नातू हसून गडाबडा लोळला.
काका म्हणाले, "मी बराबर वाजवला.
तुजा मोबाइल घाई करतय."

रात्री त्यांच्या थापा मोजत बसलो.
सगळ्या उशिरा.
पण सगळ्या सारख्याच उशिरा:
एक्केचाळीस, बेचाळीस, एक्केचाळीस,
मिठागराच्या बांधासारख्या, एका ओळीत.

आणि आठवल्या मांडवातल्या आत्या,
साठीच्या, नऊवारी खोचून, एक हात गुडघ्यावर.
पाय उचलला की खाली यायला वेळ लागायचा.
काका तेवढं थांबायचे.
मी कानात क्लिक घालून पुढे निघून गेलेला असायचो,
आणि खुर्चीत टेकलेल्या आत्यांना वर विचारायचो,
काय आत्या, एवढ्यात दमलात?

सकाळी रेषा खाली सरकवली.
एकाच पातळीसाठी, शेवटून दुसऱ्या.
थेंब तसेच पडतात, रेषाही तिथेच दिसते,
मोजणारं मात्र जरा थांबून मोजतं.
टेस्टिंगची ऋजुता म्हणाली, हा बग आहे.
म्हटलं, बग नाही, आत्या आहे.
तिने तसंच लिहून ठेवलं
आणि पुढच्या ओळीला गेली.

काकांना नवा खेळ दाखवला,
तर हातातही घेतला नाही.
"आता बराबर हाय ना? मंग झाला."

ती पातळी कुणी ओलांडत नाही.
शिव्या येतात, एक तारा येतो,
पैसे परत मागणारे येतात;
खेळ फुकट आहे तरी.

परवा कुणीतरी पूर्ण केली.
शंभरात शंभर.
नाव नाही, गाव नाही,
नुसता आठ आकड्यांचा नंबर.
ऑफिस रिकामं झालं, एसी बंद झाला,
मी तिथेच बसून होतो.
हे जे कोण असेल,
ते कुणाच्या पायांकडे बघत असेल?