जबाब

दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात नेऊन द्यायची,
निकाल लागला की परत आणायची.
चाळीस वर्षं हेच.
आमदार किती आले, किती फुटले,
बंदूक तीच. एकनळी.
दस्त्यावर वडिलांनी खिळ्यानं कोरलेलं नाव,
त्यातला एक काना उंदरानं खाल्लेला.

त्या सकाळी दिवाडीहून जुन्या गोव्याला जाणाऱ्या फेरीत
मी कठड्याला टेकून उभा होतो.
बंदूक उशीच्या अभ्र्यात,
अभ्रा तोकडा, नळी वीतभर बाहेर,
खाऱ्या वाऱ्यानं गंजू नये म्हणून तोंडात कापसाचा बोळा.
कुणी वळूनसुद्धा बघत नव्हतं.
आचारसंहिता लागली की पुंडलिक बंदूक घेऊन निघतो,
हे बेटावर सगळ्यांना ठाऊक,
जसा दुसरा कुणी सासुरवाडीला निघावा.

धक्क्याला लागताना फेरी एक हिसका देते.
तो मला पाठ आहे. गुडघे आपसूक वाकतात.
पण त्या दिवशी फिलोमेनाची मिरचीच्या रोपांची टोपली कलली
आणि मी डाव्या हातानं ती धरली.
पट्टा खांद्यावरून उतरला.

डुबुक.
नारळ पडतो तेवढाही आवाज नाही.
अभ्रा जरासा फुगला,
त्यावरची निळी फुलं,
बायकोनं लग्नाच्या वर्षी भरलेली,
क्षणभर वर दिसली.
मग मांडवीचं गढूळ पाणी.

वरून इनास ओरडला, "कितें पडलें रे?"
मी म्हटलं, "कांय ना."
असं का म्हटलं, ते अजून सांगता येत नाही.

हवालदार कुंकळ्येकर जबाब लिहीत होते.
"पडली, की पाडली?"
म्हटलं, निसटली.
त्यांनी पेन थांबवलं.
"निसटायला ती काय बांगडा आहे?"
मग त्यांनी 'पडली' लिहिलं, मी खाली सही केली.

खुबे काढणारी दोन पोरं दोन ओहोट्या बुड्या मारत राहिली.
वर आलं ते असं:
चिखलानं भरलेलं एक हेल्मेट,
गणपतीच्या पाटाचा तुकडा, त्यावर अजून थोडा शेंदरी रंग,
कुणाची तरी वातीविना समई.
"खाली कमरेएवढा गाळ आहे, काका,
हात घातला की तो आपला राहत नाही."

आता जे जबाबात नाही ते.
सतरा वर्षांपूर्वी, काजूच्या बागेत, तिन्हीसांजेला
झुडूप हललं
आणि मी झाडलेला बार डुकराला लागला नाही.
उल्हास डावा पाय ओढत चालतो.
डॉक्टरांना म्हणाला, कुंपणाची तार.
डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि तसंच लिहिलं.
दर मे महिन्यात तो आमच्याकडे एक फणस पाठवतो.
कापायला मीच बसतो.
तेल लावलं तरी हात चिकट राहतात दोन दिवस.

बायको म्हणाली, गेली ती बरी.
मुलगा म्हणाला, लायसन्सचं काय?
डुकरं त्याच आठवड्यात येऊन कणगाचे दोन वाफे उपटून गेली,
मी अंगणात उभा राहून ताट बडवलं.
आणि खांदा, खरं सांगायचं तर,
अजून उजवीकडे झुकतो,
नसलेल्या वजनाला तोलून धरतो.

निकालानंतर बाकीचे आपापल्या बंदुका आणायला निघाले.
मीही निघालो, सवयीनं.
फेरीत उल्हास होता, रेशनकार्डाच्या कामासाठी निघालेला.
बराच वेळ आम्ही पाण्याकडे बघत होतो.
कांदळाच्या मुळांशी एक बगळा,
त्याचंही लक्ष पाण्यात.
मग माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं,
"पडली, की टाकलीस?"

समोर धक्का आला होता.
फेरीनं हिसका दिला.
मी गुडघे वाकवले.
त्याला ते जमत नाही.
मी त्याचा दंड धरला,
दोन्ही हातांनी.