लळिंगच्या चढावर

अमळनेरहून कन्याकुमारीला निघालो होतो.
धुळं ओलांडलं, लळिंगचा चढ लागला,
चौथ्यात मूठ पिळली
तर आवाज तेवढा वर गेला, गाडी नाही.
काटा पन्नास. चाळीस. तीस.
सावद्याचा केळीचा ट्रक, ज्याला मी रुबाबात मागं टाकलं होतं,
हॉर्नसुद्धा न देता शेजारून गेला.

गाडी वळवली. उताराला क्लच लागत नाही.
बांधलेल्या सामानासकट, इंजिन बंद,
घरंगळत पुन्हा धुळ्यात.

पारोळा रोडला यासीन पिंजारीचं गॅरेज,
म्हणजे एक निंब आणि त्याखाली तेल प्यालेली जमीन.
भिलानं एक चक्कर मारून आणली, म्हणाला,
"नाना, नुसती बोंबलस, पयत नही."
ऐंशीच्या दशकातली गाडी, भुसावळच्या एका ड्रायव्हरकडून घेतलेली.
प्लेटा दोनदा बदलल्या, एकदा जळगावात, एकदा घरी.
हे सांगताना मला उगाच लाज वाटली.

यासीननं डब्यातून चाराण्याचं नाणं काढलं,
लिव्हरच्या फटीत सरकवलं.
"एवढी ढील पाहिजे. आहे."
बाजारात बंद पडलेलं नाणं
इथं रोज चालतं.

वायर पाहिली. मोकळी. मग म्हणाला, पुढचं चाक निंबाला टेकवा,
चौथा टाका, क्लच हळूहळू सोडा.
धड गाडी असती तर मेली असती जागच्या जागी.
ही चालूच.
निंब हलेना, चाक हलेना,
इंजिन आपलं गुरगुरतंय, आणि जळका वास.

मी तीस वर्षं जिनिंगवर कापसाचा काटा पाहिला.
म्हटलं, यासीनभाई, म्हणजे माणसाचंही असंच की,
आत जोर सगळा असतो, पण चाकापर्यंत…
"उपमा खिशात ठेवा, नाना. चौदाचा पाना द्या."

डावी बाजू उघडली.
प्लेटा काचेसारख्या गुळगुळीत, स्प्रिंगा बरोबर मापाच्या.
त्यानं तेलात बोट बुडवलं, माझ्या नाकापुढं धरलं.
सडक्या लसणाचा वास.
"हे तेल गियरबॉक्सचं. इथं त्याचं काय काम?"
शाफ्टवरचं सील गेलं होतं,
अंगठीएवढं रबर, चहाच्या दोन-चार कपांच्या किमतीचं.
गियरचं तेल रात्रंदिवस थेंबाथेंबानं
क्लचमध्ये येऊन बसत होतं
आणि मी दर वेळी प्लेटांना शिव्या देत होतो.

चेन फिरवून दाखवली त्यानं:
एका जागी ताठ, चार बोटं पुढं लोंबती.
"तुम्ही ढिल्या जागी माप घेऊन आवळली.
माप ताठ जागी घ्यायचं.
चेन सगळीकडं सारखी झिजत नसते."
मी काहीतरी बोलणार होतो. गप्प राहिलो.
मागच्या स्प्रॉकेटचे दात विंचवाच्या नांग्यांसारखे वाकलेले.
"कन्याकुमारीपर्यंत नेतील. परतीचं मी सांगत नाही."

चव्वेचाळीसचं ऊन उतरेपर्यंत
भिलानं एकेक प्लेट रॉकेलनं धुतली,
फरशीवर पॉलिश पेपर ठेवून घासली,
आठाचा आकडा काढत, काढत, काढत.
सील बसलं. पातळ तेल भरलं.
पुन्हा निंब, पुन्हा चौथा.
मी क्लच सोडला
आणि गाडी गपकन मेली.
इंजिन बंद पडल्याचा एवढा आनंद
मला जन्मात झाला नव्हता.

रात्री तिथंच. कळण्याची भाकर, ठेचा, डोक्याशी हेल्मेट.
झोपताना ते नाणं मागून पाहिलं.
"नाही मिळायचं. तुमचं तुम्ही शोधा."
माझ्याकडची तर केव्हाच सगळी
बँकेत भरून टाकलेली.

पहाटे लळिंग. चौथा. काटा पन्नासवर, तिथंच.
उपमा अजून खिशात होती, हात लावला नाही.
खालून बारीक कट्-कट् येत होती,
दर फेरीला एकदा.
ती ताठ जागा.
मालेगावात थांबून बघू.