सोबतीचं तिकीट

दर गुरुवारी साडेदहाला
मी इदवालला कोट घालते. आधी डावा हात,
कारण डावा हात आता त्याचा नाही,
घरी राहायला आलेला पाहुणा आहे.
मग उजवा. मग टोपी. मग आतल्या खिशात पाकीट,
त्याचं.
माझं माझ्या जाकिटात.
या दोन पाकिटांच्या मधे
कंपनीचं आठ पानी धोरण आहे.

धोरण म्हणतं, बसचं भाडं ग्राहकाचं,
सेविकेचं प्रवेशशुल्कही त्याचंच,
पण सेविकेचं पोट सेविकेनं सांभाळावं.
बंदरातली बोट प्रवेशात मोडते की प्रवासात
हे विचारायला मी ऑफिसात फोन केला.
ब्रॉन्वेन म्हणाली, बघते.
तो उन्हाळा गेला. बोटीला आता ताडपत्री घातली आहे.

धक्क्यावरच्या शौचालयाला चाळीस पेन्स पडतात.
तिथे एका नाण्यात आम्ही दोघं आत जातो.
जगात ही एकच जागा
जिथे माझं तिकीट कुणी मागत नाही.

मग कॅफे. खिडकीजवळचं टेबल,
चाकाची खुर्ची बसते ते एकच.
चहा आणि स्कोन, सात पौंड चाळीस.
माझ्या तासातली अडतीस मिनिटं
त्या बशीत मांडून येतात, वर लोण्याचा गोळा.
म्हणून मी दहा वाजताच त्याच्या ओट्याशी उभी राहून
घरचं सॅन्डविच खाऊन घेते, आणि इथे
नळाचं पाणी मागते, लिंबाची फोड घालून,
म्हणजे काहीतरी मागवल्यासारखं दिसतं.

इदवालनं सव्वीस वर्षं पाटीच्या दगडाचा ट्रक चालवला.
झटक्यानं त्याचे सगळे शब्द नेले, चार ठेवले:
हो, नाही, एक शिवी,
आणि पानाद. म्हणजे चहाचा कप.
तो माझ्या ग्लासाकडे बघतो.
पानाद, म्हणतो.
मी म्हणते, माझा झालाय.
तो शिवी वापरतो.
आणि चमचा खाली ठेवतो, उजव्या हातानं,
म्हणजे जाणूनबुजून.

रिकाम्या माणसासमोर तो खात नाही.
हे त्याच्या फायलीत कुठेच नाही.
ॲलर्जी आहे, रक्तदाब आहे, जवळचा नातेवाईक आहे,
आईनं जेवणाच्या टेबलावर काय शिकवलं
याला रकाना नाही.

पहिले सहा आठवडे माझा चहा मीच भरला.
झिपवाल्या जाकिटाला पदर नसतो,
पदरमोड मात्र होते.
सातव्या आठवड्यात भाडं वाढलं
आणि त्याच्या पाकिटातून दोन चहा गेले.
हिशेब त्याचा भाऊ बघतो, गेरल्लट, रेक्सममधून.
रविवारी त्याचा मेसेज: दुसरा चहा कुणाचा?
तीनच शब्द. प्रश्न बरोबर होता.
मला राग आला, बरोबर असल्याचाच.

त्या रात्री अहवालात मी लिहिलं:
ग्राहकाने पूर्ण स्कोन खाल्ला. मूड चांगला.
वापरलेली साहाय्यक साधने:
चाकाची खुर्ची, जाड दांड्याचा चमचा, एक चहा.
ब्रॉन्वेननं ते कापलं नाही.
वाचलंच नसेल, असंही असेल.

नोव्हेंबरात गेरल्लट स्वतः आला.
उंच, ओलसर छत्री, भावासारखेच कान.
कॅफेत बसला, मेन्यू उलटा-सुलटा केला, म्हणाला,
मी गाडीत खाल्लंय, मला काही नको.
इदवालनं चमचा खाली ठेवला.
मी लिंबाच्या फोडीकडे बघत राहिले.
बराच वेळ. बाहेर एक सीगल
कुणाचे तरी चिप्स घेऊन गेला.
पानाद, इदवाल म्हणाला. मग शिवी.
आणि गेरल्लट हसला, लहानपणी हसला असेल तसा,
नाकातून. उठून काउंटरवर गेला
आणि तीन चहा घेऊन आला, ट्रे तिरका धरून.

सुटे पैसे त्यानं दोनदा मोजले.
पावती टेबलावरच विसरला.
सवयीनं मीच उचलली.
अजून माझ्या पाकिटात आहे, शाई उडत चाललीय,
कोणाच्या खात्यात लावायची
ते मी कुणाला विचारलेलं नाही.