खिडकी नंबर दोन

दर दुसऱ्या मंगळवारी सेनगावात
हिंगोलीहून मनाच्या डॉक्टर येतात.
केसपेपर मी फाडते.
काय होतंय, विचारलं की
माणसं आधी मागं वळून बघतात,
मग म्हणतात, डोकं दुखतंय.
मी लिहिते: डोकं.

जवळ्याच्या सत्यभामाचं चार महिने डोकंच दुखलं.
ऑटोवाल्या मुंजाजीचा हात इतका थरथरायचा
की सही येत असून अंगठा द्यायचा.
तो म्हणाला, पोट.
मी लिहिलं, पोट.

खोली तेव्हा मागं होती, शवागाराला लागून.
तिकडं वळलेला माणूस अख्ख्या गावाला दिसायचा.
माझा भाऊ गंगाधर फाटकापर्यंत आला होता,
दोन दिवस बाटलीशिवाय काढून.
कुठं जायचं म्हणाला. मी बोट दाखवलं.
पाणी पिऊन येतो म्हणाला.

औंदा खोली पुढं आणली,
लसीकरण आणि दातांच्या मधे.
किती अर्ज गेले, ते जावक वहीत आहे.
आता बाकड्यावर टोचून रडणारी लेकरं,
गाल सुजलेलं पोरगं, मुंजाजी.
कोण कशासाठी बसलंय, कळत नाही.

गोळ्या मात्र पंधरा दिवसांच्याच मिळतात
आणि डॉक्टर येतात महिन्यानं.
मधले पंधरा दिवस
कोणत्या रकान्यात लिहायचे?

आज सत्यभामा खिडकीशी आली.
मागं बघितलं नाही.
बाई, झोप लागत नाही, म्हणाली,
आणि विहिरीवर एकटीनं जायची भीती वाटते.
माझा पेन थांबला.
लिव्हा की, म्हणाली,
म्हणले तसंच लिव्हा.