इतर

दर नोव्हेंबरात डुलुथच्या आमच्या कॉलेजातून
जुन्या विद्यार्थ्यांना एक फॉर्म जातो:
सध्या काय करता?
चौकोन सहा. शेवटचा ‘इतर’.

तत्त्वज्ञानवाली पा हुआ वांग
हॉस्पिटलात दुभाषी आहे. लिहिते,
डॉक्टर बोलून थांबतात, मी अजून बोललेली नसते,
तेवढ्या वेळात त्या घराचं
काहीच बिघडलेलं नसतं.
इतर.

ग्रीक शिकलेला ऑर्विल हाउगेन
सरोवरावरचा बर्फ वाचतो, जहाजांसाठी.
क्रियापदांपेक्षा सोपा, म्हणतो,
फक्त इथं चुकलं तर
नापास होत नाही कोणी. बुडतात.
इतर.

डेल्मर मकोस्कीच्या फॉर्मवर आईचं अक्षर:
पुन्हा पाठवू नका. तो बरा आहे. पाव भाजतो.
पहाटे तीनला उठतो,
आणि आता रात्री झोपतोसुद्धा.
हा मी दोनदा वाचला
नि चौकोन कोराच ठेवला.

डीनना गोल तक्ता लागतो, रंगीत,
पालकांना दाखवायला.
यंदाही ‘इतर’ची फोड एवढी मोठी
की ते म्हणाले, मार्वा,
ही जरा बारीक नाही का करता येणार?

मध्ययुगाचा इतिहास मीही इथंच शिकले.
पोथी उतरवता उतरवता कंटाळलेले भिक्षू
समासात गोगलगायी काढायचे,
भाला घेतलेल्या सरदाराशी लढणाऱ्या.
परीक्षेत हे कोणी विचारलं नाही.
माझा स्वतःचा फॉर्म
अठरा वर्षं ड्रॉवरात आहे, स्टेपलरखाली.

तक्ता होता तसाच छापला.
डीनच्या प्रतीवर, कडेला,
पेन्सिलीनं, अगदी फिकट,
एक गोगलगाय.