न्यूट्रल

पुढच्या खोलीत दिवा असायचा.
मागच्या दोन खोल्या जायच्या, आणि स्वयंपाकघर,
कधी दहा मिनिटं, कधी तासभर,
मग कुणी हात न लावता परत यायच्या
कोपऱ्यावर पान खाऊन आल्यासारख्या.

मी होल्डर बदलले. महारानी रोडवरून
नवा एमसीबी आणला; जुना बिचारा निर्दोष निघाला.
खांबावर दोनदा माणूस चढवला,
तो वरून ओरडला, "इधर सब बढ़िया है, भिया!"
बाबांनी अठ्ठावन साली ठोकलेली सागवानी पट्टी
फुटाफुटाने उचकटली.
आत वायरींवरचं रबर
हात लावताच शेवेसारखं मोडत होतं,
पण तुटलेली एकही नव्हती.

कुमुद म्हणाली, लिहून ठेवा.
चौतीस वर्षं बँकेत लेजर लिहिलेला माणूस मी,
एलआयसीच्या डायरीत रकाने आखले:
गेली. आली. किती वेळ. काय चालू होतं.
मिक्सर, फ्रिज, गिझर,
कुणावरही आरोप सिद्ध होईना.
सकाळी सहा दहा ते सहा पस्तीस, जवळजवळ रोज.
गुरुवारी संध्याकाळी सात ते आठ.
बाकी भलत्याच वेळा.
आणि अकरा तारखेला
सकाळी नऊला गेलेली, दुपारी अडीचला आली.

भेरूलाल आला तेव्हा नेमकी गेलेली होती.
टेस्टर एका भोकात पेटला,
दुसऱ्यातही पेटला.
दोन्हीकडे उजेड आणि घरात अंधार.
"फेज तो आ रिया है, बाबूजी, न्यूट्रल गुम.
करंट लौटे किधर से?"
मग शिडी घेऊन तो त्या काळ्या वायरीच्या
मागे मागे गेला, माळ्यावरून, हौदाच्या अंगाने,
मधल्या भिंतीपर्यंत.
ही भिंत एकोणनव्वदची. दादा म्हणतो मी बांधली,
मी म्हणतो त्याने.
वायर भिंतीत शिरली होती.

वाटणीत मीटर दोन झाले, नळ दोन, तुळशी दोन.
वकिलाने पातेली झाकणांसकट मोजली होती.
ही एक वायर कुणाच्याच यादीत नव्हती.
पस्तीस वर्षं माझ्या मागच्या खोल्यांचा करंट
दादाच्या मेन स्विचमधून परत जात होता
आणि आमचं बोलणं बंद होतं.
वहिनी होत्या तोवर त्या घरात
कुणी ना कुणी असायचं.
फाल्गुनात त्या गेल्या. तेव्हापासून
बाहेर पडताना दादा मेन पाडतो.

डायरी मी परत उघडली.
सहा दहा, दूध.
गुरुवार, दत्ताचं देऊळ.
मधले वीस-बावीस मिनिटांचे, किराणा असेल,
वाचनालय, कटिंग.
तीन महिने मी दादाचं येणं-जाणं लिहीत होतो,
प्रत्येक पानाखाली सही करून.
अकरा तारखेचे साडेपाच तास तो कुठे होता,
ते रकान्यात नाही.

नवी काळी वायर टाकली. जुनी
दोन्ही बाजूंनी कापायची होती,
तर पलीकडे भेरूलालच गेला.
मी आमच्या बाजूला शिडी धरून उभा,
शिडीवर कुणी नसताना.
भिंतीतून ऐकू आलं, "कित्ते हुए?"
"सातशे."
भेरूलाल परतला तो हातात साडेतीनशे घेऊन,
पन्नासाची नोट वेगळी दुमडलेली.
दादा आधीपासून असाच. अर्धं म्हणजे अर्धं.

आता दिवे जात नाहीत.
तरी सहा वाजता जाग येते, मी मागच्या खोलीत
ट्यूबकडे बघत बसतो.
सहा दहा होतात, ती जळतेच.
पस्तीस होतात, जळतेच.
परवा सव्वासात वाजले. मी कुमुदला विचारलं,
फाटकाची कडी वाजलेली ऐकलीस का?
ती पोहे धूत होती.
"मला काय विचारता? जाऊन बघा."

चपला दारातच होत्या.
तरी मी थोडा वेळ त्या शोधत राहिलो.