ओलावा

चिंचोळी एमआयडीसीत, आमच्या शेडमध्ये
थंड खोल्यांच्या भिंती तयार होतात.
दोन पत्रे, मधे थर्माकोल,
आणि त्यांना धरून ठेवणारा
दोन डब्यांतून कालवलेला गोंद.
आत कुणाचीतरी डाळिंबं राहणार, पाच अंशांवर.
बाहेर आम्ही. चव्वेचाळीस.

एप्रिलच्या अखेरीला पत्रे सुटू लागले.
क्रेननं उचललं की पॅनेल कडेला उघडायचं,
जुन्या वहीचा पुठ्ठा सुटावा तसं.
जोड पक्का असेल तर आधी थर्माकोल फाटतो,
पत्र्याला पांढरे दाणे चिकटून येतात.
इथं दाणे नव्हते.
गोंद दोन्हीकडे होता,
मधे नुसती जाळी.

मालक म्हणाले, ड्रम बदला. बदलला.
काटा तपासला, शंभराला पंचवीस, ग्रॅमाचा फरक नाही.
तारीख पाहिली, अजून सात महिने बाकी.
मग कुणीतरी म्हणालं, नरसव्वा.
नरसव्वा चिलवेरी डोक्याला तेल चोपडून येते
आणि त्याच हातानं पत्रा पुसते.
तिला दोन दिवस पॅकिंगला पाठवलं.
मीच पाठवलं.
तिनं पुसलेल्या एका पत्र्यावर
नंतर कधीतरी मी पाण्याचा थेंब टाकून पाहिला.
तेल असतं तर गोळी होऊन बसला असता.
थेंब पसरला, पातळ, थेट कडेपर्यंत.

पॅकिंगमधून ती जेवायला आली,
सुटलेला तुकडा हातात घेतला, उलटापालटा केला.
"साहेब, हे तर डोशाचं पीठ आलंय.
फुगलंय बघा.
कोरडं पीठ कधी फुगतंय का?"
एवढं बोलून कडक भाकरी मोडायला बसली.

मी हसलो असेन तेव्हा.

शुक्रवारी साडेदहाला वीज गेली, ती थेट चारला आली.
दाबयंत्र जनरेटरवर, बाकी सगळं बंद.
त्या दिवसाच्या बावीस पॅनेलांपैकी
एकही सुटलं नाही. सोलायला गेलो
तर थर्माकोल फाटला, पत्रा पांढराफटक.

मग वर पाहिलं.
गोंदाच्या टेबलासमोर, खिडकीत, नवा कूलर.
तीन उन्हाळे मागत होतो आम्ही.
रेवणसिद्ध हत्तरकी दाबयंत्रापाशी चक्कर येऊन पडला,
तेव्हा कुठं तो आला. बावीस एप्रिलला.
सत्तारनं त्याला झेंडूची माळ घातली होती.
वाळ्याच्या ताट्या, ओलं वारं,
आणि त्या वाऱ्यातलं पाणी पिऊन
गोंद आतल्या आत फसफसत होता.

अहवालाचा छापील कागद समोर घेतला.
कारण: हवेतला ओलावा.
उपाय: या रकान्यापुढे पेन टेकवून
बराच वेळ बसलो. खाली शाईचा ठिपका पडला.
"कूलर काढावा" एवढे दोनच शब्द लागले असते,
मालकांना विजेचं बिल तेवढंच कमी.

लिहिलं: टेबलाभोवती प्लॅस्टिकचा पडदा.
उघडा ड्रम पडद्याच्या आत, झाकण लगेच लावावे.
कूलरचं तोंड फिरवून दाबयंत्राकडे.
आत एका वेळी दोन माणसं, अर्ध्या तासाची पाळी.
उकाड्यात गोंद लवकर आळतो,
म्हणून कालवायचा निम्मा, दहा मिनिटांत संपवायचा.
पाळ्यांच्या यादीत पहिलं नाव माझं घातलं,
दुपारी दीड ते दोन.

पहिल्याच दिवशी मला मीटिंग निघाली.
माझा अर्धा तास हत्तरकीनं काढला.
त्यानं काही म्हटलं नाही,
मीही नाही.

दुसऱ्या दिवशी पडद्याच्या आत गेलो.
नरसव्वा आधीच तिथं होती, हातात रोलर.
माझ्याकडे न बघता तिनं सुती फडकं पुढं केलं.
"कपाळाला बांधा. घाम पडंल."

तिनं स्वतःचं बांधलं होतं, भुवयांच्या वर, घट्ट.
भिंतीवरच्या सूचनांच्या तक्त्यावर
मी संध्याकाळी खडूनं सातवी ओळ वाढवली:
घाम गोंदात पडू देऊ नये.